ऑफिस सुटतं, फोन सुटत नाही: कामाच्या तासांबद्दल कायदा नेमकं काय सांगतो?

रात्री साडेनऊला तुम्ही जेवायला बसलात आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, "उद्या सकाळपर्यंत होईल ना?" तुम्ही डाव्या हाताने "हो सर" टाइप केलंत. आता प्रश्न असा, की हे काम झालं की नाही? पगाराच्या हिशेबात नाही. हजेरीच्या मशीनमध्येही नाही, तिथे तुम्ही साडेसहालाच बाहेर पडला आहात. पण जेवताना डोक्यात उद्याची फाइलच होती.

'वर्क-लाइफ बॅलन्स'वर बोलताना बहुतेक सल्ले योगासनं, छंद आणि लवकर झोपण्याचे असतात. त्यात वाईट काही नाही. पण कामाचे तास कुठे संपतात हा आधी कायद्याचा प्रश्न आहे, आणि आपल्याकडे त्याला मोठा इतिहास आहे.

रविवारची सुट्टी कुणी मिळवली?

मुंबईच्या गिरण्यांमध्ये एकेकाळी ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्तापर्यंतच काम आणि पगार वेळेवर, अशा त्यांच्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मान्य व्हायला 1890 साल उजाडलं. गिरणीचा भोंगा वाजला की काम संपायचं, ही त्या लढ्याची जमेची बाजू. आजच्या फोनला तसा भोंगा नाही.

सध्याचा कायदा काय आहे?

महाराष्ट्रात दुकानं, खासगी कार्यालयं, हॉटेलं यांना 2017 चा दुकाने व आस्थापना अधिनियम लागू होतो. त्यानुसार दिवसाला 9 तास आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा होती. सलग कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, वर्षाला 8 दिवसांची पगारी किरकोळ रजा आणि जादा कामाला दुप्पट दराने वेतन, हेही त्यातच आहे. जादा काम तीन महिन्यांत 125 तासांपेक्षा जास्त करून घेता येत नव्हतं.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यात बदलाला मंजुरी दिली. दिवसाची मर्यादा 9 वरून 10 तास, जादा कामाची मर्यादा 125 वरून 144 तास, आणि या तरतुदी 20 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. आठवड्याचे 48 तास मात्र तेच ठेवले. त्यामुळे 'काही बिघडलं नाही' असं वाटू शकतं.

इथे जरा गणित करू. तीन महिने म्हणजे साधारण 13 आठवडे. 144 तास त्यात विभागले तर आठवड्याला 11 तास येतात. 48 आणि 11 मिळून 59. आता हा आकडा दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त असतो. म्हणजे कायद्याची कमाल मर्यादा गाठली, तरी आपण त्या रेषेच्या पलीकडे गेलेलो असतो. नारायण मूर्तींनी 2023 मध्ये सुचवलेल्या 70 तासांवर आणि 2025 च्या सुरुवातीला गाजलेल्या 90 तासांच्या वक्तव्यावर आपण भरपूर मीम पाहिले. 59 वर एकही पाहिल्याचं मला आठवत नाही.

मग हे माझ्या ऑफिसात का दिसत नाही?

कारण या कायद्यात एक मोठं दार उघडं आहे. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी किंवा गोपनीय स्वरूपाचं काम करणारे त्यातून वगळलेले आहेत. आता खासगी कंपन्यांतली पदनामं बघा. दोन वर्षांचा अनुभव असलेली मुलगी 'असिस्टंट मॅनेजर' असते, तिच्या हाताखाली एकही माणूस नसतो. माझ्या एका जुन्या नोकरीत तर चौघांच्या टीममध्ये तिघे 'लीड' होते. नुसत्या पदनामाने कुणी व्यवस्थापक होत नाही, प्रत्यक्ष काम काय हे बघावं लागतं. वगळलेल्या पदांची यादी आस्थापनेने वेबसाइटवर किंवा दर्शनी जागी लावावी, असंही कायदा म्हणतो. तुमच्या ऑफिसात ती कुठे लावली आहे, एकदा शोधून पाहा.

दुसरी अडचण प्रवासाची. बदलापूरहून अंधेरीला रोज येणाऱ्याचे जाऊन-येऊन चार तास सहज जातात. कायद्याच्या लेखी ते काम नाही आणि घरच्यांच्या लेखी ती फुरसत नाही.

घरी गेल्यावरची पाळी

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, पुरुष 88 मिनिटं. मुलं आणि वृद्धांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी. त्यामुळे रात्री साडेनऊचा तो मेसेज घरात सगळ्यांना सारखाच जड जात नाही. एकाचा टीव्ही थांबतो, दुसरीचा ओटा आवरायचा राहतो. कायद्यानेही घर तिच्याच नावावर धरलंय: आईसाठी कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, खासगी नोकरीतल्या बापासाठी देशपातळीवर तसा कायदाच नाही.

'राइट टू डिस्कनेक्ट' म्हणजे काय?

कामाची वेळ संपल्यावर फोन किंवा ईमेलला उत्तर न देण्याचा आणि त्याबद्दल शिक्षा न होण्याचा हक्क. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना याचे नियम कर्मचाऱ्यांशी बोलून ठरवावे लागतात. पोर्तुगालने 2021 मध्ये जबाबदारी उलटी केली: अपवादात्मक परिस्थिती सोडून मालकानेच संपर्क करायचा नाही. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून साहेब फोन करू शकतो, पण तुम्ही तो न उचलणं अवाजवी नसेल, तर कारवाई करता येत नाही. मला तिन्हींत पोर्तुगालचा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. नाही म्हणायचा हक्क असला, तरी नोकरी टिकवायची असलेला माणूस तो वापरेलच असं नाही.

भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2025 मध्ये असं विधेयक लोकसभेत मांडलं. ते खासगी विधेयक आहे, म्हणजे सरकारचं नाही. अशी खासगी विधेयकं स्वातंत्र्यानंतर फक्त 14 मंजूर झाली आणि शेवटचं 1970 मध्ये. त्यामुळे फार आशा धरू नका.

तोपर्यंत काय करता येईल?

नेमणूकपत्र काढून कामाचे तास आणि पदाचं वर्णन वाचा. उशिरा थांबायला सांगितलं, की ते मेसेजवर किंवा ईमेलवर येऊ द्या आणि तारखेनिशी जपून ठेवा. जादा कामाचे पैसे मिळत नसतील, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार करता येते, फक्त तुम्ही कायद्याच्या व्याख्येत बसता का हे आधी तपासा. एकट्याने साहेबांशी बोलण्यापेक्षा टीमने मिळून एकच मागणी करणं सोपं जातं: खरंच तातडीचं असेल तर थेट फोन करा, बाकीचं ग्रुपवर टाका, सकाळी बघतो. एका ओळखीच्या टीमने हे करून पाहिलं. पहिल्या महिन्यात रात्री नऊनंतर दोनच फोन आले, आणि त्यातला एक चुकून लागला होता.