मंडईचे नाव

पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरे. १८८६ साली त्याला शुक्रवार पेठेत पक्के छप्पर लाभले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे, म्हणून हे 'रे मार्केट'! मधोमध अष्टकोनी मनोरा, भोवती भाजीचे गाळे.

या खर्चाला नगरपालिकेत कडाडून विरोध केला जोतीराव फुल्यांनी. हा पैसा शिक्षणाकडे वळवा, असे त्यांचे म्हणणे. आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच वास्तूला नाव मिळाले ते फुल्यांचे! कोणाला ही थट्टा वाटेल. मला तो न्याय वाटतो. जोतीरावांच्या वडिलांचेही भाजीचेच दुकान होते. कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारा पुणेकर मात्र तिला नुसती 'मंडई'च म्हणतो.