टेस्ट लाल झाली, पण चूक कोणाची?

इअरफोन घरी राहिलेत आणि लोकलमध्ये उभे आहात? मग आजचा भाग वाचा.

सोप्या प्रश्नाने सुरुवात करू. 'श्री' हे एक अक्षर की दोन?

एकच. पहिलीतलं पोरगंही सांगेल. पण २०२३ पर्यंत युनिकोडच्या मूळ नियमाने चालणारा ब्राउझर सांगायचा, दोन. आधी 'श्', मग 'री'. नंतर तो सुधारला. आणि तो सुधारल्यावर मी त्याला पुन्हा चुकायला लावलं. ही गोष्ट त्याचीच आहे.

२०२४ ची सुरुवात. मी रोज मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी. आमच्या वेबसाइटवर प्रोफाइल फोटो नसेल तर गोलात नावाचं पहिलं अक्षर दिसायचं. ते अक्षर कापून द्यायचं काम ब्राउझरमधल्याच 'सेगमेंटर' नावाच्या सोयीकडे होतं. एका सोमवारी टेस्टिंगच्या मशीनवर ब्राउझर अपडेट झाला आणि एक टेस्ट लाल झाली. अपेक्षित उत्तर 'श्', मिळालेलं उत्तर 'श्री'.

संध्याकाळी रिलीज होतं. मी सेगमेंटर काढला, चार ओळींचा स्वतःचा कोड लिहिला, 'श्' मिळवला. टेस्ट हिरवी, मी घरी.

दोन दिवसांनी सपोर्टकडे एका बाईंची तक्रार आली. "माझ्या नावाचं पहिलं अक्षर मोडलेलं का दिसतंय? मागच्या आठवड्यात तर नीट होतं."

खरंच नीट होतं. ब्राउझरने बरोबर केलेलं मी बिघडवलं होतं, कारण टेस्ट तसं म्हणत होती. मी मराठी शाळेत शिकलोय, 'श्' आणि 'श्री' समोर होते, तरी मी अक्षर वाचलंच नाही. फक्त रंग बघितला.

मग मी जरा इतिहास शोधला. हा घोळ आमच्याच ऑफिसातला नाही, वेबइतकाच जुना आहे.

मार्च २००८ मध्ये 'ॲसिड थ्री' नावाची परीक्षा आली. इयन हिक्सन यांनी बनवलेलं हे एक पान. ब्राउझरमध्ये उघडायचं, की १०० पैकी गुण दिसायचे. वेबचे नियम तुमचा ब्राउझर किती पाळतो, याचं प्रगतिपुस्तकच म्हणा ना. काही कंपन्या १०० च्या मागे लागल्या. पण त्यातले काही प्रश्न अशा नियमांवर होते जे अजून पक्के झाले नव्हते. नियम बदलत गेले, प्रश्न तसेच राहिले. शेवटी सप्टेंबर २०११ मध्ये हिक्सन आणि सीएसएसचे जनक होकुन व्युम ली यांनी बदलू शकतील असे भाग परीक्षेतून काढून टाकले. त्यानंतरही नियम पुढे सरकले. आज क्रोम, फायरफॉक्सची नवी व्हर्जन्स त्या पानावर पैकीच्या पैकी मिळवत नाहीत, आणि ती बिघडलेलीही नाहीत. अभ्यासक्रम बदलला आणि पेपर जुन्याच पुस्तकावरून काढला, तर हुशार पोराचेही मार्क जाणारच!

आता काम वेगळ्या पद्धतीने चालतं. 'वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स' हा टेस्टचा एकच सामाईक साठा आहे. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, सगळ्यांचे लोक त्यातच भर घालतात. एचटीएमएलचा नियम बदलायचा असेल तर बदलासोबत त्याची टेस्टही द्यावी लागते. आणि जो नियम अजून ठरलेला नाही, त्याच्या टेस्टच्या फाइलनावातच 'टेंटेटिव्ह' लिहितात. म्हणजे तात्पुरती. ही लाल झाली तर लगेच कोणाला दोष देऊ नका.

आता आपल्या लिपीकडे येऊ. अंधेरीच्या शेजारी जुहूला एनसीएसटी नावाची सरकारी संस्था होती, पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. सुलेखनकार र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत शिकवून नंतर तिथे काम करत होते. विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' फाँट त्यांचाच. आपल्या कितीतरी घरांत कॉम्प्युटरवर पहिलं मराठी दिसलं ते या फाँटमध्ये.

पण फाँट फक्त अक्षराचा आकार देतो. कुठलं अक्षर आहे आणि कुठलं नाही, हे युनिकोडचं कोष्टक ठरवतं. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी भारताच्याच १९८८ च्या 'इस्की' मानकावरून घेतली. त्यात आपला 'ॲ' नव्हता. तो एप्रिल २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये आला. तोपर्यंत लोक आधी 'अ' आणि मग त्यावर वेगळा चंद्र असं टाइप करायचे. दोन्ही तऱ्हेने लिहिलेलं 'ॲप' दिसायला सारखंच, पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. जुना मजकूर आजही पडून आहे, त्यामुळे मराठी सर्चच्या टेस्टमध्ये दोन्ही रूपं असावीच लागतात. म्हणजे नवा नियम आला तरी जुनी टेस्ट दर वेळी फेकता येत नाही.

'श्री'चा निकाल लागायला मात्र सप्टेंबर २०२३ उजाडलं. युनिकोड १५.१ ने नवा नियम आणला: व्यंजन, हलन्त, पुन्हा व्यंजन असं जोडाक्षर मधून तोडायचं नाही. देवनागरीसोबत बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम यांनाही तो लागू झाला. युनिकोड दर व्हर्जनसोबत टेस्टची फाइलही देतं, त्यामुळे नियम आणि प्रश्नपत्रिका एकदमच बदलल्या. ब्राउझरवाल्यांनी दोन्ही उचलल्या.

आमची टेस्ट मात्र मागेच राहिली. कोणीतरी कधीतरी स्क्रीनवर जे दिसलं तेच 'अपेक्षित उत्तर' म्हणून चिकटवलं होतं. कुठल्या नियमावरून, कुठल्या व्हर्जनवरून, काही लिहिलेलं नाही. तो नियम नव्हताच, त्या दिवसाच्या चुकीचा फोटो होता. आणि मी त्या फोटोची राखण केली.

मी माझा कोड काढून सेगमेंटर परत आणला. आता त्या टेस्टच्या वर एक ओळ आहे: उत्तर 'श्री', आधार युनिकोड १५.१. उद्या ती पुन्हा लाल झाली तर जो कोणी बघेल त्याला निदान कळेल, आधी काय वाचायचं ते. त्या बाईंना सपोर्टकडून माफीचा मेल गेला. त्यातही 'श्रीमती' होतं. मी दोनदा वाचून पाठवायला सांगितलं.

तुमचं नाव श्र, प्र, क्ष किंवा ज्ञ ने सुरू होतं का? मग एखाद्या ॲपमधल्या त्या गोलात काय दिसतं ते बघा आणि कळवा. अर्धं अक्षर दिसलं तर त्यांनाही कळवा. बहुतेक त्यांची टेस्ट हिरवी असेल.

भेटू पुढच्या भागात.