दापोलीचे पेन्शनर आणि ‘क्षत्रिय’ शब्दाचे दोन अर्थ

लष्करी चाकरी संपवून घरी आलेल्या शिपायाचा प्रश्न इतिहासग्रंथांत बहुधा एकाच रीतीने मांडला जातो. शिपायाला शिस्तीची सवय, गावाचे जीवन संथ, आणि या दोहोंचा मेळ कसा बसावा ही चिंता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्याच्या सैन्यातून निवृत्त झालेल्या महार शिपायांना ही मांडणी लागू पडत नाही. पलटणीत जो हवालदार किंवा सुभेदार होता, तो गावी परतताच वेशीबाहेरचा येसकर ठरे. गावकी, वेठ आणि बलुते त्याची वाटच पाहात असत. तेव्हा या निवृत्तांनी परस्परांस जे साहाय्य केले, ते नागरी जीवनाशी जुळवून घेण्यासाठी नव्हे, तर जुळवून घ्यावे लागू नये यासाठी केले, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली हे जुने लष्करी ठाणे. म्हणून तर त्यास ‘काँप दापोली’ म्हणत. कोकणातील अनेक महार पेन्शनर मूळ गावी न जाता येथेच राहिले. यामागील आर्थिक कारण साधे आहे. पेन्शन रोख मिळे, आणि रोख पैसा ज्याच्या हाती आहे त्याला बलुत्याच्या भाकरीसाठी कोणाच्या दारी उभे राहावे लागत नाही. दुसरे कारण शिक्षणाचे. पलटणीच्या शाळांमुळे या कुटुंबांत अक्षरओळख आलेली होती, आणि ती टिकवायची तर चार साक्षर घरे शेजारी असणे आवश्यक होते. लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले सुभेदार रामजी मालोजी सकपाळ निवृत्तीनंतर प्रथम दापोलीसच आले. पुढे हे कुटुंब साताऱ्यास गेले. त्यांचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आठवणींत ही हकीकत नमूद केली आहे.

नावांचा विचार येथे उपेक्षणीय नाही. कोरेगाव येथील स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची जी नावे कोरली आहेत, त्यांतील २२ नावे ‘नाक’ या पदान्ती असून ती महार शिपायांची मानली जातात. हे ‘नाक’ ‘नायक’ शब्दावरून आले, असे सर्वसाधारण मत आहे. संस्कृत ‘नायक’ प्राकृतातून सरळ उतरला असता तर मधला ‘क’ टिकला नसता. तेव्हा हा शब्द ‘नाईक’प्रमाणेच अर्धतत्सम मानावा लागतो. ‘नाईक’ हा लष्करात हवालदाराखालचा हुद्दा होय. म्हणजे एकाच मूळ शब्दाचे एक रूप पलटणीत पदवाचक झाले, तर दुसरे गावात जातिवाचक होऊन बसले. पेन्शनरांची नावे हुद्द्यासह का उच्चारली जात, हे यावरून उमगते. ज्याला गाव अरेतुरे करी, त्याला ‘सुभेदार’ या एका शब्दाने आदरार्थी क्रियापद मिळवून दिले.

या वस्तीतील प्रमुख पुरुष गोपाळबाबा वलंगकर. ते मूळचे महाडकडचे. १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले. महात्मा फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर गाढ प्रभाव होता. ‘दीनबंधू’ पत्रात त्यांनी लेखन केले आणि १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही प्रश्नरूप पुस्तिका प्रसिद्ध केली. १८९० च्या सुमारास त्यांनी स्थापिलेली ‘अनार्यदोषपरिहारक मंडळी’ ही निवृत्तांच्या परस्परसाहाय्याची ठळक संस्था होय. या सामासिक नावाचा विग्रह दोन प्रकारे संभवतो. अनार्यांच्या ठिकाणचे दोष दूर करणारी, हा एक. अनार्य म्हणून माथी मारलेला दोष दूर करणारी, हा दुसरा. पहिल्यात समाजसुधारणा आहे, दुसऱ्यात प्रतिवाद. मंडळीचे कार्य पाहता दोन्ही विग्रह खरे मानावे लागतात.

१८९२ मध्ये सरकारने महारांची सैन्यभरती थांबविली. काही जमाती जात्याच लढवय्या व इतर नव्हेत, या सिद्धान्ताचा तेव्हा लष्करी वर्तुळात जोर होता. जुन्या पेन्शनरांची पेन्शने चालूच राहिली. परंतु पुढच्या पिढीस पलटणीची शाळा नाही, हुद्दा नाही, आणि रोख उत्पन्नही नाही, अशी अवस्था ओढवली. पेन्शनरांची वस्ती एका पिढीपुरतीच उरणार, हे उघड झाले. या संकटात मंडळीतर्फे वलंगकरांनी १८९४ मध्ये सरसेनापतीस उद्देशून विनंतिपत्र सिद्ध केले. महार व चांभार हे मूळचे क्षत्रिय. १३९६ च्या दुर्गादेवीच्या दुष्काळात मिळेल ते खाल्ल्यामुळे ते बहिष्कृत झाले, असे त्यात प्रतिपादन आहे.

मंडळीचे नाव ‘अनार्य’ आणि अर्जातील दावा ‘क्षत्रिय’त्वाचा, ही विसंगती अभ्यासकांस खटकण्याजोगी आहे. वर्णश्रेणीत वरची पायरी मागण्याचा हा नेहमीचाच प्रकार, असा तिचा अर्थ लावणे सोपे. परंतु तो अपुरा आहे. फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) ‘क्षत्रिय’ शब्दाचा संबंध ‘क्षेत्र’ शब्दाशी जोडला आणि आर्यांच्या आगमनापूर्वी या भूमीवर नांदणारे ते क्षत्रिय, असा अर्थ केला. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रास मान्य होणारी नाही. तथापि वलंगकरांच्या शब्दसृष्टीत ‘अनार्य’ आणि ‘क्षत्रिय’ हे परस्परविरोधी शब्द नव्हते, एवढे तीवरून निश्चित कळते. इंग्रज अधिकाऱ्याने मात्र तोच शब्द वाचला की त्यास ‘लढवय्या जमात’ एवढेच ऐकू येणार. एकाच शब्दाने घरच्या वाचकास एक आणि साहेबास दुसरे सांगणे, ही अर्जलेखनाची कला वलंगकरांस अवगत होती, असे मानण्यास जागा आहे.

अर्जाने बंदी उठली नाही. दापोलीतही नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांस प्रवेश मिळावा म्हणून पेन्शनरांनी याच काळात खटपट केली. मुलांना पडवीत बसविण्यापर्यंतच तिची मजल गेली. १८९५ मध्ये वलंगकरांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसण्यास इतर सभासदांनी हरकत घेतली. १९०० मध्ये ते निवर्तले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्याकडे गेलेल्या अर्जात सैन्यभरतीची मागणी पुन्हा आली. पहिल्या महायुद्धाच्या निकडीत १९१७ मध्ये महारांची १११ वी पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. नवी महार पलटण निघण्यास १९४१ साल उजाडावे लागले.

पलटण मोडली तरी पेन्शनरांची परंपरा खंडित झाली नाही. १९ मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. आंबेडकरांनी लष्करी नोकरीमुळे या भागातील अस्पृश्य समाजाची झालेली उन्नती आणि भरतीबंदीने झालेली हानी श्रोत्यांपुढे मांडली. दुसऱ्या दिवशी परिषदेतील लोक चवदार तळ्याकडे निघाले.