वळताना गाडीतून 'कट-कट' आवाज येतोय? जुन्या गाडीचा अ‍ॅक्सल बदलायचा की दुरुस्त करायचा?

पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना स्टेअरिंग पूर्ण वळवलं, जरासा अ‍ॅक्सिलरेटर दिला आणि पुढच्या चाकाजवळून 'कट-कट-कट' असा आवाज आला. गाडी सरळ झाली की आवाज बंद. पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी वापरणाऱ्या अनेकांना हा आवाज ओळखीचा असतो. गॅरेजमध्ये निदानही दोन शब्दांत होतं, "अ‍ॅक्सल गेला."

पण म्हणजे नेमकं काय गेलं? पूर्ण शाफ्ट बदलावा लागतो की फक्त टोकाचा जॉइंट? की काही शेकड्यांच्या रबरी बुटावर काम भागतं?

नाशिककरांसाठी हा प्रश्न जरा जास्तच घरचा आहे.

नाशिकमध्ये बनलेली गाडी

महिंद्रा आणि फ्रान्सची रेनो या कंपन्यांनी 2005 मध्ये भागीदारी केली आणि 2007 मध्ये 'लोगन' ही गाडी बाजारात आणली. ती महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात बनायची. 2010 मध्ये रेनो या भागीदारीतून बाहेर पडली. 2011 मध्ये हीच गाडी 'व्हेरिटो' या नावाने आली. दिसायला साधी, आतून ऐसपैस. घरगुती वापराबरोबरच टॅक्सी म्हणूनही ती भरपूर धावली.

महिंद्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बोलेरो येते. बोलेरोची इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. लोगन मात्र फ्रंट व्हील ड्राइव्ह. म्हणजे इंजिनही पुढे, ताकदही पुढच्याच चाकांना आणि वळायचं कामही त्याच चाकांनी करायचं. सीव्ही जॉइंटची गोष्ट इथेच सुरू होते.

पहिल्या लोगन गाड्यांना 2022 मध्ये 15 वर्षं पूर्ण झाली. खासगी कारची नोंदणी 15 वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्याचं शुल्क एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून थेट 5,000 रुपये झालं. त्यावर पर्यावरण कर आणि तपासणीचा खर्च वेगळा. हे सगळं भरून गाडी ठेवायची ठरवलेल्या माणसाला गॅरेजवाल्याने "दोन्ही अ‍ॅक्सल नवीन टाका" असं सांगितलं, तर गाडी विकायचा विचार मनात येतोच. बऱ्याचदा त्याची गरज नसते.

सीव्ही जॉइंट म्हणजे काय?

सीव्ही म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, सोप्या मराठीत एकसारखा वेग.

गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट पुढच्या चाकापर्यंत जातो. चाक खड्ड्यात खाली-वर होतं आणि स्टेअरिंगबरोबर डावी-उजवीकडे वळतं. मधला दांडा मात्र लोखंडी. तो वाकत नाही. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधा लागतो, आपल्या खांद्याला असतो तसा.

सांधा बनवायचा जुना मार्ग म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, आपल्या मेकॅनिकच्या भाषेत 'क्रॉस'. ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टवर तो दिसतो. त्याची अडचण अशी की कोन वाढला की तो ताकद एकसारखी देत नाही. शाफ्ट 30 अंशात वाकलेला असेल, तर आत येणारा वेग स्थिर असूनही बाहेर जाणारा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे 13 टक्क्यांनी कमी आणि दोनदा सुमारे 15 टक्क्यांनी जास्त होतो. पुढच्या चाकाला असा जॉइंट एकटाच लावला, तर वळताना स्टेअरिंग हातात थरथरेल.

यावर आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरने 1920 च्या दशकात उपाय काढला. एक वाटी, तिच्या आत एक लहान गोळा, दोघांनाही खाचा आणि त्या खाचांमध्ये सहा पोलादी छर्रे. छर्रे जागेवर राहावेत म्हणून त्यांच्याभोवती खिडक्या असलेला पिंजरा. शाफ्ट कितीही वळला तरी हे छर्रे कायम दोन्ही बाजूंच्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात, त्यामुळे जेवढा वेग आत येतो तेवढाच बाहेर जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या काही जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये हा जॉइंट होता. 1959 च्या ब्रिटिश 'मिनी'मुळे तो छोट्या कारमध्ये रुळला.

भारतात त्याची घरोघरी ओळख झाली ती मारुती 800 मुळे. ही गाडी डिसेंबर 1983 मध्ये आली. त्याआधीच्या अ‍ॅम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या. त्यांच्यावर हात बसलेल्या मेस्त्रींना चाकाजवळचा हा रबरी बूट नवाच होता.

आतला सांधा वेगळा असतो. चाकाकडच्या जॉइंटला मोठा कोन सांभाळायचा असतो, तर गिअरबॉक्सकडच्या जॉइंटला लांबी कमी-जास्त होऊ द्यायची असते. म्हणून अनेक गाड्यांमध्ये आत तीन पायांचा 'ट्रायपॉड' असतो. त्याच्या तिन्ही पायांवर रोलर असतात आणि ते खाचांमध्ये मागे-पुढे सरकतात.

खरा आजार रबराचा

चांगल्या ग्रीसमध्ये बुडालेला सीव्ही जॉइंट लाख-दीड लाख किलोमीटर सहज काढतो. तो मरतो बूट फाटल्यामुळे.

बूट म्हणजे जॉइंटवरचं घड्या पडलेलं रबरी कव्हर. वय झालं की घडीच्या खोलगट भागात बारीक भेगा पडतात. भेग उघडली की फिरणारा शाफ्ट ग्रीस बाहेर फेकतो आणि त्या जागी पाणी-माती आत जाते. इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस, निफाड-दिंडोरीकडचे बागांचे रस्ते, चाकाला चिकटणारी काळी माती. या सगळ्याची मिळून छर्ऱ्यांवर घासायची पेस्टच तयार होते. मग खाचांमध्ये खड्डे पडतात, छर्रा त्या खड्ड्यावरून उडी मारतो आणि 'कट' असा आवाज येतो.

म्हणजे आवाज हे आजाराचं शेवटचं लक्षण आहे. पहिलं लक्षण असतं चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं काळं ग्रीस. ते दिसलं आणि आवाज अजून नसेल, तर जॉइंट वाचण्याची शक्यता चांगली असते.

निदान करतानाही घाई नको. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरावं आणि थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. कटकट आली तर बाहेरचा जॉइंट, आणि बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा. म्हणजे डावीकडे वळताना आवाज वाढला तर संशय उजव्यावर. सरळ रस्त्यावर पिकअप घेताना गाडी थरथरते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की शांत होते, तेव्हा आतला जॉइंट बघावा. वेगाबरोबर वाढत जाणारी सलग घुंईंऽऽ ही बहुधा व्हील बेअरिंगची तक्रार असते. तिच्यासाठी अ‍ॅक्सल बदलून काहीच होत नाही.

लोगन-व्हेरिटोची डावी बाजू

या गाडीत एक गोष्ट वेगळी आहे आणि ती माहीत नसेल तर महागात पडते.

बहुतेक गाड्यांमध्ये आतल्या जॉइंटचं ग्रीस वेगळं आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं. दोघांमध्ये ऑइल सील असतं. लोगनच्या डाव्या बाजूला तसं नाही. तिथे ट्रायपॉड थेट गिअरबॉक्समध्ये बसतो आणि त्याचा बूट तीन बोल्टने गिअरबॉक्सलाच पक्का केलेला असतो. बूट फिरत नाही, शाफ्ट त्याच्यातल्या बेअरिंगमधून फिरतो. आतला सांधा गिअर ऑइलवरच चालतो.

त्यामुळे हा बूट फाटला की ग्रीस नाही, गिअरबॉक्सचं ऑइल गळतं. पार्किंगमध्ये डाव्या चाकामागे तेलाचा डाग दिसला आणि "थोडं गळतंय, बघू नंतर" म्हणून सोडून दिलं, तर बुटाचं बिल गिअरबॉक्सच्या बिलात बदलतं. डावा शाफ्ट काढण्याआधी हे ऑइल काढून घ्यावं लागतं आणि काम झाल्यावर नवीन भरावं लागतं. एस्टिमेटमध्ये ऑइलचा उल्लेखच नसेल तर जरूर विचारा.

'रिबिल्ड' म्हणजे नक्की काय करतात?

काम चाक जमिनीवर असतानाच सुरू होतं. मधला हब नट इतका घट्ट असतो की गाडी उचलल्यावर तो सोडवणं अवघड आणि धोक्याचं. नंतर गाडी उचलून घोडीवर ठेवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नये. मग चाक काढायचं, खालचा बॉल जॉइंट सोडवायचा आणि शाफ्ट हबमधून आणि गिअरबॉक्समधून बाहेर काढायचा. शाफ्ट काढलेली गाडी चाकांवर ढकलू नये. हबचं बेअरिंग त्या नटाच्या दाबावरच सांभाळलेलं असतं.

टेबलावर आल्यावर बाहेरचा जॉइंट शाफ्टवरून उतरवतात. आत एक छोटी सरक्लिप असते, तिच्यामुळे पितळी किंवा नरम हातोड्याचे नेमके फटके द्यावे लागतात. मग पिंजरा तिरका करून एकेक छर्रा बाहेर काढायचा. चांगला मेस्त्री हे करण्याआधी वाटी, पिंजरा आणि आतला गोळा यांच्यावर खुणा करून घेतो, कारण इतकी वर्षं एकत्र घासलेले भाग परत त्याच जागी बसवायचे असतात. सगळं डिझेलमध्ये धुऊन कोरडं केल्यावरच खरं काय ते दिसतं.

खाच गुळगुळीत चमकत असेल तर ठीक. नखाला लागणारा खड्डा असेल, छर्ऱ्यावर टवके असतील, पिंजऱ्याची खिडकी रुंद होऊन छर्रा आत हलत असेल किंवा धातू तापून निळा पडला असेल, तर तो जॉइंट संपला. त्यात नवीन ग्रीस भरणं म्हणजे आवाज काही दिवस दाबणं. दुर्दैवाने 'रिपेअर' या नावाखाली बऱ्याचदा एवढंच होतं.

या टप्प्यावर मधला दांडा तपासायचा. त्याचे दाते सरळ असतील, पीळ पडलेला नसेल, बूट बसतो तिथे गंज नसेल, तर दांडा फेकायचं कारण नाही. त्यावर नामांकित कंपनीचा नवा बाहेरचा जॉइंट, नवा बूट आणि नव्या पट्ट्या बसवणं हा जुन्या गाडीसाठी सगळ्यात शहाणा व्यवहार. मूळ दांड्याचं पोलाद आणि त्याचं हार्डनिंग कंपनीच्या कसोटीचं असतं. स्वस्तात मिळणाऱ्या बिननावाच्या पूर्ण शाफ्टबद्दल तसं सांगता येत नाही. वाकलेला किंवा तडा गेलेला दांडा मात्र वेल्डिंग करून वापरू नये. उष्णतेने त्याचं हार्डनिंग जातं आणि कसाऱ्याच्या घाटात तो तुटला, तर चाकाला ताकद मिळणं तिथेच थांबतं.

एक जुनी युक्तीही आहे. गाडी बहुतेक वेळ पुढेच जाते, म्हणून खाचांची एकच कड झिजते. दोन्ही बाजूंचे बाहेरचे जॉइंट सारखे असतील, तर डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला की भार न झिजलेल्या कडेवर येतो. झीज सुरुवातीची असेल तर याने बरेच दिवस निघतात. मोठे खड्डे पडले असतील तर नाही.

परदेशातल्या मोठ्या कारखान्यांमध्ये खाचा ग्राइंड करून किंचित मोठे छर्रे बसवतात. तेही खऱ्या अर्थाने रिबिल्ड आहे, पण धातूचा वरचा कठीण थर शिल्लक असेल तरच टिकतं. साध्या लेथवर व्हायचं हे काम नाही.

बसवताना होणाऱ्या चुका

ग्रीस कोणतंही चालत नाही. छर्ऱ्यांच्या जॉइंटला मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं काळं ग्रीस लागतं. किटसोबत येणारी पुडी मोजून दिलेली असते, ती पूर्ण वापरायची. व्हील बेअरिंगच्या डब्यातलं उरलेलं ग्रीस भरू देऊ नका.

शेवटची पट्टी आवळण्याआधी बुटातली जास्तीची हवा काढावी लागते, नाहीतर बूट फुगून घासतो. चिरलेला, चिकटवून बसवायचा बूटही मिळतो. शाफ्ट न काढता तो लागतो म्हणून मोह होतो, पण जोडावर ग्रीसचा एक थेंब राहिला तरी तो उघडतो. प्रवासात अडकलात तर ठीक, कायमचा उपाय म्हणून नको.

लोगन पेट्रोलमध्ये 1.4 आणि 1.6 लिटर अशी दोन इंजिनं होती, डिझेलमध्ये 1.5 लिटर. एबीएस असलेल्या गाडीत जॉइंटवर दात्यांची रिंगही असू शकते. म्हणून "लोगनचा जॉइंट द्या" एवढ्यावर पार्ट घेऊ नये. जुना सोबत न्यावा, दोन्हीकडचे दाते मोजावेत, बुटाचा व्यास जुळवून बघावा.

हब नट नवीन घ्यावा आणि टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळावा. लहान गाड्यांमध्ये हा आकडा साधारण दीडशे ते तीनशे न्यूटन-मीटर असतो, चाकाच्या बोल्टच्या दुप्पट-तिप्पट. छिन्नी-हातोड्याने ठोकून बसवलेला नट एकतर सैल राहतो किंवा बेअरिंग खातो.

काम झाल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून एकदा गाडीखाली टॉर्च मारावी. चाकाची आतली बाजू कोरडी असली पाहिजे, पट्ट्या जागेवर असल्या पाहिजेत आणि गिअरबॉक्सखाली थेंब नसावा. त्यानंतर दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर स्टेअरिंग पूर्ण वळवून बुटाच्या घड्या बोटाने उघडून बघितल्या की पुरे. त्याला पाच मिनिटं लागतात आणि गॅरेजवाला सहसा त्याचे पैसे घेत नाही.