धागा उलटा धरून

जालन्याच्या रेशीम कोष बाजारात तुम्ही उभे आहात. २०१८ मध्ये हा बाजार सुरू झाला. त्याआधी इथले शेतकरी कोष विकायला थेट कर्नाटकात रामनगरला जायचे. ढिगातला एक कोष उचला, कानाशी हलवा. आत प्यूपा खुळखुळतो. आता काळ मागे फिरवू.

आठवडाभर मागे, अळ्या वाढवायच्या शेडमध्ये, कोष विणायच्या जाळीसमोर, म्हणजे चंद्रिकेसमोर. अळीचं डोकं इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरतंय, पण धागा बाहेर पडायच्या ऐवजी आत चाललाय. हजार मीटरच्या आसपास लांबीचा सलग धागा! अळी फुगत जाते, चंद्रिकेवरून उतरून पुन्हा तुतीच्या फांद्यांवर येते. धाग्यामागे तुम्हीही रेशीमग्रंथीत शिरता. मधल्या भागात त्याच्यावरचं चिकट सेरिसिन सुटतं. उरतं रेशमाचं मुख्य प्रथिन फायब्रोइन, काकवीसारखं दाट. आणखी मागे सरका, ग्रंथीच्या टोकाकडच्या एका पेशीत. इथे थांबा.

अळी पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत आहे. जन्मभराच्या पाल्यातला चार-पंचमांशाहून जास्त पाला ती याच दिवसांत फस्त करते. त्यातून आलेली अमिनो आम्लं तुमच्यासमोर गुंफली जातायत: ग्लायसिन, अलॅनिन, ग्लायसिन, सेरिन, पुन्हा ग्लायसिन. साखळीच्या पहिल्या टोकावर ‘बाहेर पाठवायचं’ अशी खूण असते. ती ओळखली जाताच साखळी गुंफणारा रायबोसोम आंतर्द्रव्यजालिकेला, पेशीतल्या पोकळ पडद्यांच्या जाळ्याला, जाऊन चिकटतो आणि साखळी तयार होता होताच जालिकेच्या पोकळीत उतरते. तिथे फायब्रोइनच्या या लांब साखळीला आखूड साखळीची जोड मिळावी लागते. काही वाणांत आखूड साखळीचं जनुकच बिघडलेलं असतं; मग फायब्रोइन जालिकेतच अडकतं आणि अळी जेमतेम सेरिसिनचा पातळ कोष विणते. अपुरा माल पेशी दाराबाहेर सोडत नाही, ही शिस्त मला धाग्याच्या लांबीपेक्षाही मोठी वाटते.

पुढचा टप्पा पाहायला १८९८ सालच्या इटलीत, पावियाला चला. कामिल्लो गॉल्जी चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या घुबडाच्या चेतापेशी पाहतोय. आत त्याला एक जाळी दिसते. पुढे तिला गॉल्जीचंच नाव मिळालं, पण कित्येक वर्षं ती रंगामुळे झालेला भास आहे, असं म्हणणारे होते. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला जेम्स जेमिसन आणि जॉर्ज पॅलेड गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांना फक्त तीन मिनिटं ल्युसिन हे अमिनो आम्ल किरणोत्सारी रूपात देतात आणि त्याचा माग काढतात: आधी जालिका, मग गॉल्जी, शेवटी स्रावकणिका. या वाटेच्या शोधासाठी पॅलेड यांना १९७४ चं नोबेल मिळालं.

आता पुन्हा आपल्या अळीत. फायब्रोइन त्याच वाटेने जातं. गॉल्जीत ते गोळा होऊन दाट होतं, त्याच्या कणिका पेशीच्या कडेला पोचतात, आवरणाशी एकजीव होतात आणि माल ग्रंथीच्या पोकळीत ओततात. एकेका पेशीत असं दिवसरात्र चालतं. अळी कोषावर येईपर्यंत ग्रंथी शरीराच्या सुमारे ४० टक्के वजनाची झालेली असते.

शेडमध्ये परत या. फांद्या टाकायची वेळ झाली आहे. बाहेर मराठवाड्याचं ऊन, म्हणून भिंतींना ओली गोणपाटं लावलेली. पाला सुकला तर अळ्या तो नीट खात नाहीत, आणि उद्या-परवा त्यांनी खाणं सोडलं की आणखी पाला घालून उपयोग नाही. घरातली बाई सकाळीच कापलेल्या फांद्या रॅकवर पसरते आणि पाला सगळीकडे सारखा पडलाय ना, हे पुन्हा एकदा पाहून घेते.