पगाराचा तक्ता आणि फडातला कोयता

आजच्या कोणत्याही मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ठाऊक असलेली एक गोष्ट आहे. ठरावीक काळाने एक प्रश्नावली येते : आपल्याकडे कोणकोणती पदे आहेत, प्रत्येक पदावर किती माणसे आहेत, त्यांना मूळ वेतन किती आणि भत्ते किती? शेकडो कंपन्यांची उत्तरे एकत्र आली की त्यांतून देशभराचा पगाराचा तक्ता तयार होतो आणि आपण बाजाराच्या वर आहोत की खाली, हे प्रत्येक मालकाला कळते. ही पद्धत अलीकडची वाटते खरी. पण महाराष्ट्रात तिला शंभर वर्षे होऊन गेली आहेत. मालकांनी सांगितलेल्या या आकड्यांत कोण मोजला गेला आणि कोण राहून गेला, हे पाहायचे तर अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यासारखे दुसरे ठिकाण नाही. धागा थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

मजुरीचे दर नोंदवणे इंग्रजी राजवटीला नवे नव्हते. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या अहमदनगरच्या गॅझेटिअरमध्येही व्याजाचे दर, धान्याच्या किमती आणि मजुरी यांची माहिती शेजारीशेजारी दिलेली आढळते. पण ती सरकारी अधिकाऱ्यांनी गोळा केलेली माहिती होती. ज्या गावगाड्यात बलुतेदाराला खळ्यावर धान्य मिळत होते, तेथे ‘वेतन’ या शब्दाचा अर्थच पातळ होता. मालकाने आपली हजेरीपत्रके आणि पगाराच्या वह्या उघडून पदवार उत्तर द्यावे, ही कल्पना कारखान्यांबरोबर आली.

तिची खरी सुरुवात मुंबईत झाली. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली, गिरण्यांत संपामागून संप झाले आणि प्रत्येक वाटाघाटीत एकच अडचण पुढे येऊ लागली : कामगाराला नक्की मिळते किती? मालक एक आकडा सांगत, कामगार दुसरा. १९२१ मध्ये मुंबई सरकारने कामगार कार्यालय स्थापन केले. फिंडले शिरास या अर्थशास्त्रज्ञाकडे त्याची सूत्रे होती आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ‘लेबर गॅझेट’ हे मासिक निघू लागले. या कार्यालयाने कापड गिरण्यांकडून मे १९२१ च्या वेतनाची माहिती मागवली आणि पुढे ऑगस्ट १९२३ साठी तीच चौकशी पुन्हा केली. मुंबई, अहमदाबाद, सोलापूर अशा केंद्रांतील गिरण्यांनी आपल्या नोंदींवरून तक्ते भरून दिले.

आकडे समोर आल्यावर मालकांनाही काही गोष्टी नव्याने उमगल्या असतील. एकाच शहरात, एकाच कामाला, एका गिरणीत एक दर आणि शेजारच्या गिरणीत दुसरा. कामाची नावेही सारखी नव्हती. एका ठिकाणी जे एका माणसाचे काम, ते दुसरीकडे दोघांत वाटलेले. १९२८ च्या प्रदीर्घ सार्वत्रिक संपात आणि त्यानंतरच्या फॉसेट समितीपुढे ‘दरांचे प्रमाणीकरण’ हा विषय एवढा गाजला, त्याचे कारण हेच. आजच्या सर्वेक्षणातही सर्वांत जिकिरीचे काम हेच असते. एका कंपनीतला ‘पर्यवेक्षक’ म्हणजे दुसरीतला कोण, हे आधी ठरवावे लागते. आकड्यांची तुलना त्यानंतरची.

मालक अशी माहिती देतात तरी का? कायद्याचा बडगा हे अर्धेच उत्तर झाले. शेजारी काय देतो हे कळले तर जास्त देणाऱ्याला हात आखडता घेता येतो आणि कमी देणाऱ्याला माणसे का टिकत नाहीत याचा उलगडा होतो. म्हणजे हा तक्ता कामगाराच्या बाजूचाही नाही आणि मालकाच्याही नाही. तो ज्याच्या हाती असेल त्याच्या उपयोगाचा. म्हणूनच माहिती देणाऱ्या कारखान्याचे नाव गुप्त ठेवण्याची हमी द्यावी लागते. १९५३ च्या सांख्यिकी संकलन कायद्यातही ती होती.

आता नगरकडे वळू. हा वळसा एका माणसाच्या हाताला धरून घेता येतो. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने कापड उद्योगातील वेतनाच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्या सदस्यांत वैकुंठभाई मेहता होते आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ होते. समितीने १९३८ च्या अंतरिम अहवालात वाढ सुचवली ती चढत्या-उतरत्या क्रमाने : ज्याला सर्वांत कमी मिळते त्याला रुपयामागे सर्वांत जास्त वाढ. असा निर्णय भावनेवर घेता येत नाही. कोण किती मिळवतो याचा तक्ता हाताशी लागतो. गाडगीळ हे मूळचे मोजणी करणारे अर्थशास्त्रज्ञ. पुढे १९४८ मध्ये त्यांच्या संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे झालेल्या फायद्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ते नगर जिल्ह्याच्या उत्तर भागाचेच चित्र होते.

त्या भागात खासगी साखर कारखानदारी आधीच रुजली होती. हरिगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरचा महाराष्ट्र शुगर मिल्स, साकरवाडीचा गोदावरी शुगर मिल्स. या कंपन्यांकडे ऊसमळ्यांसाठी हजारो एकर जमीन होती. म्हणजे उसात राबणारा मजूर आणि गाळप करणारा कामगार, दोघांचा मालक एकच होता. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने या जमिनी गेल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे त्यांचा कारभार आला. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

दरम्यान लोणीला वेगळेच घडले होते. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा केला. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले, वैकुंठभाईंचे पाठबळ मिळाले आणि ३१ डिसेंबर १९५० रोजी पहिले गाळप सुरू झाले. ज्यांनी मुंबईत गिरणीमालकांच्या वह्या तपासल्या, त्यांच्यापैकी एक आता स्वतः वह्या ठेवणाऱ्या कारखान्याच्या अध्यक्षपदी होता. मला या इतिहासातला हा योगायोग सर्वांत बोलका वाटतो.

त्याच सुमारास देशपातळीवर वेतनाची मोजणी आकार घेत होती. १९४६ मध्ये सिमल्याला श्रम ब्युरो स्थापन झाला. १९५८-५९ मध्ये त्याने पहिले व्यवसायवार वेतन सर्वेक्षण केले. त्यात कारखान्यांकडून पदनिहाय वेतनाची माहिती घेतली गेली. १९५९ पासून उद्योगांची वार्षिक पाहणी सुरू झाली. आणि १९५७ च्या डिसेंबरात साखर उद्योगासाठी केंद्रीय वेतन मंडळ नेमले गेले, ज्यात मालक आणि कामगार यांचे समसमान प्रतिनिधी आणि स्वतंत्र सदस्य होते. त्याच वर्षीच्या जुलैत भारतीय श्रम परिषदेने किमान गरजांचे माप ठरवले होते : तीन उपभोग-एककांचे कुटुंब, माणशी २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. एका हाती गरजेचे माप, दुसऱ्या हाती कारखान्यांचे पगार आणि देण्याची ऐपत. मंडळाला या दोहोंमध्ये रेघ ओढायची होती. शिफारशी १ नोव्हेंबर १९६० पासून लागू झाल्या. पुढे राज्यात कारखाने, कामगार संघटना आणि शासन यांच्या त्रिपक्षीय समितीतून वेतन ठरण्याचा प्रघात पडला आणि तो आजही चालू आहे.

यातून काय साधले, हे साखर कामगाराच्या घरात विचारावे. फिटर, पॅनमन, बॉयलर अटेंडंट, वजनकाट्यावरचा कारकून या प्रत्येकाला श्रेणी मिळाली. एका कारखान्यातला पॅनमन दुसऱ्या कारखान्यात काय मिळते ते सांगू शकला. हंगामी कामगारालाही दर्जा आणि नोंद मिळाली.

पण कारखान्याच्या फाटकाबाहेर येऊन एखाद्या फडात उभे राहा. उसाच्या कडेला कारखान्याचा चिटबॉय वही घेऊन बसलेला असतो. तो हंगामी का असेना, कारखान्याचा नोकर आहे. त्याचे पद आहे, श्रेणी आहे, नाव पगारपत्रकात आहे. त्याच्यापासून चार पावलांवर जो ऊस तोडतो आहे, त्याचे नाव त्या पत्रकात नाही. तो मुकादमाच्या टोळीत आहे. मुकादमाने कारखान्याच्या यंत्रणेकडून उचल आणली आणि दसऱ्याच्या आगेमागे टोळ्या घर सोडून निघाल्या. पाथर्डी-शेवगावकडची माणसे याच जिल्ह्याच्या उत्तरेत, पश्चिम महाराष्ट्रात आणि थेट कर्नाटकातही जातात.

त्याचा मालक कोण? ऊस शेतकऱ्याचा आहे, पण तोडीचा दिवस कारखाना ठरवतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा होतो, पण पैसे मुकादमाच्या हातून येतात. तिघेही आपापल्या परीने खरे सांगतात आणि तिघांपैकी कोणीही ‘हा माझा कामगार’ असे लिहून देत नाही. वार्षिक पाहणीच्या पत्रकात थेट नेमलेले आणि कंत्राटदारामार्फतचे असे दोन रकाने असतात. पण कारखाना-कायद्यातील ‘कामगार’ ही व्याख्या उत्पादनप्रक्रियेशी बांधलेली असल्यामुळे मोजणी मुख्यतः आवारातच राहते. मालकाला विचारून केलेल्या मोजणीची ही मर्यादा आहे. प्रश्नावली कितीही काटेकोर असली तरी मालक म्हणून सही करणारा कोणीतरी लागतो.

बेलापूर कंपनीच्या काळात मळ्यातला मजूर निदान कोणाचा तरी होता. सहकाराने शेतकऱ्याला मालक केले ही फार मोठी गोष्ट. पण त्याच व्यवस्थेत तोडकऱ्याचा मालक धूसर झाला. हे म्हणणे सहकाराच्या चाहत्यांना बोचेल. मीही त्यांच्यातलाच एक आहे.

तोडणीची मजुरी महिन्यावर नसते, टनावर असते. टायरगाडीचा दर वेगळा, डोकी सेंटरचा वेगळा. आणि मोजण्याचे एकक माणूस नव्हे, ‘कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, किंवा दोघेही तोडतात. हिशेबाच्या वहीत मात्र एकच रक्कम येते, तीही बहुधा पुरुषाच्या नावावर. तिच्या वाट्याला आलेल्या श्रमाचा स्वतंत्र दर कोणत्याही तक्त्यात शोधून सापडणार नाही, कारण तो कधी ठरलेलाच नाही.

म्हणून या क्षेत्रात दर ठरले ते सर्वेक्षणातून नव्हे, कोयता बंद ठेवून. दर काही वर्षांनी संघटना संपाचा इशारा देतात, साखर संघाशी वाटाघाटी होतात, लवाद बसतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या साखर संकुलात झालेल्या बैठकीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, मुदत तीन हंगामांची. त्या बैठकीत दर ठरला तोही टनावरचाच. कोयत्यात माणसे किती आणि कोणाला किती, हा हिशेब नेहमीप्रमाणे खोपीवर, मुकादमाच्या वहीसमोर झाला.