जांभळी खूण आणि हरवलेलं मूल



यंदा ब्लूबॉनेटची फुलं बघायला आम्ही ब्रेनहॅमच्या बाजूला गेलो होतो. आडरस्त्याने परत येताना मागच्या सीटवरून आमच्या धाकट्याने विचारलं, “बाबा, त्या झाडांना जांभळा रंग कोणी लावला?” कुंपणाच्या कडेने दर थोड्या अंतरावर खोडांवर उभे जांभळे पट्टे ओढलेले होते. तोडायची झाडं असतील, असं मी ठोकून दिलं. घरी येऊन शोधलं तर साफ चुकलो होतो. टेक्सासने १९९७ मध्ये केलेल्या कायद्यानुसार ती खूण म्हणजे ‘आत पाऊल टाकू नका’ अशी पाटी. पट्टा उभा हवा, किमान आठ इंच लांब आणि एक इंच रुंद, आणि त्याचं खालचं टोक जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर. ही खूण ओलांडून आत जाणं हा गुन्हा.

मी हे सांगितल्यावर त्याचा पुढचा प्रश्न आला. “मग कोणी आत हरवलं तर शोधायला कोण जाणार?”

आजचा भाग या प्रश्नाबद्दल आहे. त्याचं उत्तर देण्यात टेक्सासची काही दशकं गेली, आणि आपण राहतो त्याच टापूत त्यातला बराचसा इतिहास घडला.

आधी जमिनीचं बघू. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत फिरलेल्यांना माहीत आहे, तिथे मैलोन्‌मैल जमीन केंद्र सरकारची असते. टेक्सासचं तसं नाही. १८४५ मध्ये टेक्सास अमेरिकेत आलं तेव्हा ते स्वतंत्र प्रजासत्ताक होतं आणि आपली सार्वजनिक जमीन त्याने स्वतःकडेच ठेवली. पुढे ती रेल्वे कंपन्यांना दिली, शाळांच्या निधीसाठी विकली, वसाहतवाल्यांना वाटली. ऑस्टिनचं घुमटवालं कॅपिटॉल आपण पाहुण्यांना दाखवतो ना? ते बांधण्याचा मोबदला म्हणून कंत्राटदारांना तीस लाख एकर जमीन दिली होती. त्यामुळे आज या राज्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे. आपलं शुगर लँडसुद्धा १९५९ मध्ये रीतसर शहर होईपर्यंत साखर कंपनीचं गाव होतं. म्हणजे इथे मूल हरवलं तर ते बहुधा कोणाच्या तरी मालकीच्या कुंपणाआड हरवतं. तिथे गुरं असतात, रानडुकरं असतात, तेलाच्या जुन्या विहिरी असतात. आपल्या शेततळ्यासारखं तळं असतं, त्याला इथले लोक ‘टँक’ म्हणतात. गवत कमरेइतकं, आणि तीन वर्षांच्या मुलाची उंची तेवढीही नाही.

आता १९८४. गॅल्व्हेस्टनच्या बीचवर जाताना आय-४५ वर लीग सिटी लागतं. या हमरस्त्यापासून मैलभर आत काल्डर रोड आहे, आणि तिथे साधारण पंचवीस एकरांचं ओसाड रान होतं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तिथल्या एका घरच्या कुत्र्याने तोंडात माणसाची कवटी धरून आणली. ती आदल्या ऑक्टोबरात नाहीशी झालेल्या एका तरुणीची निघाली.

त्याच सप्टेंबरच्या १० तारखेला सोळा वर्षांची लॉरा मिलर फोन करायला म्हणून गावातल्या दुकानात गेली. कुटुंब नुकतंच त्या घरात राहायला आलं होतं, घरी फोन जोडलेला नव्हता. ती परत आली नाही. आधीची तरुणी शेवटची याच दुकानातल्या फोनपाशी दिसली होती. लॉराचे वडील टिम मिलर पोलिसांकडे गेले, तेव्हा मुलगी घरातून पळून गेली असेल, येईल परत, असं त्यांना सांगण्यात आलं. ती पहिली जिथे सापडली त्या रानात एकदा बघा, अशी विनवणी त्यांनी केली. कोणी बघितलं नाही. सतरा महिन्यांनी, फेब्रुवारी १९८६ मध्ये, त्या रानात मोटरसायकली घेऊन गेलेल्या मुलांना दुर्गंधी आली. पोलीस आले. त्यांना एका अनोळखी स्त्रीचं प्रेत मिळालं आणि आसपास शोधताना लॉराचे अवशेषही. वडील ज्या रानाकडे बोट दाखवत होते, त्याच रानात.

इथे इतिहासाची एक विचित्र गाठ आहे. केंटकीतल्या गांजाच्या शेतावरून चाललेल्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९८४ मध्येच निकाल दिला होता की घराभोवतीचं अंगण सोडून पलीकडच्या मोकळ्या रानात पोलीस वॉरंटशिवाय जाऊ शकतात, मग कुंपण असो की पाटी. म्हणजे लॉरा नाहीशी झाली तेव्हा कायद्याचं फाटक पोलिसांसाठी उघडंच होतं.

‘तिथे बघा’ असं सांगत राहिलेला आणखी एक माणूस आपल्या गावाच्याही इतिहासात आहे. त्याचं नाव रेजिनाल्ड मूर. तुरुंगातले माजी पहारेकरी. शुगर लँडच्या जुन्या तुरुंग-शेतीच्या जमिनीत उसाच्या मळ्यांवर राबवलेल्या कैद्यांच्या बेनामी कबरी आहेत, हे ते वर्षानुवर्षं सांगत होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीसाठी खोदताना हाडं लागली. मोजल्यावर ९५ माणसं निघाली, आणि त्यांतला सर्वांत लहान साधारण चौदा वर्षांचा असावा असा तज्ज्ञांचा अंदाज. आपली मुलं ज्या शिक्षण जिल्ह्यात शिकतात त्याच्याच आवारात. त्या चौदा वर्षांच्या पोराला कुणाच्या आईने शोधलं असेल की नाही, कोण जाणे. मूर २०२० मध्ये गेले.

मिलरांच्या वाट्याला आलेलं ‘थांबा, येईल परत’ हे काही अमेरिकेचंच दुखणं नाही. नोएडाजवळच्या निठारीत गरिबांची मुलं नाहीशी होत होती आणि पालकांचं कोणी ऐकत नव्हतं. २००६ च्या डिसेंबरात सत्य बाहेर आलं, तेव्हा हलगर्जीबद्दल पोलिसांवरही कारवाई झाली. हरवलेलं प्रत्येक मूल अपहरण किंवा तस्करी झाली असं धरूनच गुन्हा नोंदवा, असा आदेश भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १० मे २०१३ रोजी. अमेरिकेत १९९० च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या तक्रारीसाठी थांबण्याची मुदत लावायला बंदी घातली. तेव्हा ‘चोवीस तास थांबावं लागतं’ हे सिनेमातलं वाक्य कुणी तुम्हांला ऐकवलं तर मनावर घेऊ नका. लगेच ९११.

मग १९९६. डॅलसजवळच्या आर्लिंग्टनमध्ये १३ जानेवारीला नऊ वर्षांची अँबर हॅगरमन सायकल चालवत असताना तिला एका काळ्या पिकअपमधून पळवलं. शेजाऱ्याने ते बघितलं, पोलिसांना कळवलं, तरी चार दिवसांनी एका ओढ्यात तिचं प्रेत मिळालं. तेव्हा फोर्ट वर्थच्या एका श्रोत्या बाईंनी तिथल्या रेडिओ स्टेशनला फोन करून विचारलं की वादळाची सूचना देता, तशी पळवलेल्या मुलाची का देत नाही? त्या फोनमधून अँबर अलर्ट जन्माला आला. आधी तो फक्त रेडिओवरच होता. आपण इथे दर आठवड्याला माइकपुढे बसून गप्पा मारतो, तेव्हा हे मला अधूनमधून आठवतं.

पण एक लक्षात ठेवा. अँबर अलर्ट अपहरणाची शंका असेल तेव्हासाठी आहे. मागच्या दाराने चालत निघून गेलेल्या मुलासाठी तुमचा फोन किंचाळेलच असं नाही. तिथे पायच लागतात.

असे हजारो पाय इथे एकत्र आले ते १९९७ मध्ये. फ्रेंड्सवुडमधली बारा वर्षांची लॉरा स्मिदर ३ एप्रिलच्या सकाळी पळायला गेली आणि परतली नाही. हजारो माणसांनी रानं, नाले, वाटा तुडवल्या. सतराव्या दिवशी पासाडेनातल्या पावसाच्या पाण्याच्या एका तळ्यात ती मृतावस्थेत मिळाली. तिच्या आईवडिलांनी पुढच्याच वर्षी तिच्या नावाने संस्था काढली आणि गावाने शोध कसा घ्यावा याची पुस्तिका तयार केली. ऑगस्ट २००० मध्ये टिम मिलर यांनी डिकिन्सनमध्ये ‘टेक्सास इक्वूसर्च’ सुरू केलं. सुरुवात घोड्यांवर झाली, कारण घोड्यावर बसलं की गवताच्या वरून दिसतं आणि चिखलात गाडी अडते तिथे घोडा जातो. नंतर सोनार लावलेल्या होड्या आल्या, ड्रोन आले. ड्रोन वापरणं बेकायदा आहे अशी ईमेल २०१४ मध्ये विमान वाहतूक खात्याकडून आली, तेव्हा ही मंडळी कोर्टात गेली. कोर्टाने याचिका फेटाळली, पण कारण गमतीचं होतं: त्या ईमेलला कायद्याचं वजनच नाही. संस्था कुटुंबाकडून पैसे घेत नाही.

पोलिसांना जी मुभा आहे ती या स्वयंसेवकांना नाही. जांभळी खूण त्यांनाही लागू. म्हणून शोधाच्या पहिल्या तासात नकाशाइतकीच महत्त्वाची असते ती जमीनमालकांची यादी. कुणाचं फाटक, किल्ली कुणाकडे, मालक गावात आहे की डॅलसला.

आणि शोधणं हे चालण्याइतकं सोपं नसतं. याचं गणित दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी मांडलं गेलं, पाणबुड्या हुडकायला. त्यातला मुद्दा माझ्या टेस्टिंगवाल्या मित्रांना चटकन पटेल. ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘तिथे नाही’ असं नव्हे. झुडपातून एकदा गेलात तर तिथलं मूल दिसण्याची शक्यता अमुक इतकीच. मूल जागाही बदलतं. म्हणून तीच जमीन पुन्हा बघावी लागते, आणि बाहेरच्या शंभर माणसांपेक्षा रोज तिथे वावरणाऱ्या एकाला बदललेलं काही आधी दिसतं.

याचा पुरावा २०२१ च्या ऑक्टोबरात मिळाला. रेनेसान्स फेस्टिव्हलला तुमच्यातले पुष्कळ जण जातात. त्याच भागात, ग्राइम्स काउंटीत, तीन वर्षांचा एक मुलगा ६ तारखेला शेजाऱ्यांच्या कुत्र्यामागे धावत रानात गेला. शेरिफची माणसं, श्वानपथकं, इक्वूसर्च, गावकरी सगळे उतरले. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी, शनिवारी, बायबलच्या वर्गात ही बातमी ऐकलेला एक गृहस्थ स्वतःहून बाहेर पडला. पाइपलाइनसाठी झाडं तोडून मोकळ्या केलेल्या पट्ट्यातून चालताना त्याला आवाज आला. पोरगं जिवंत होतं. अंगावर कपडे नाहीत, पायात बूट नाहीत, घरापासून पाच मैलांच्या आसपास. तहानलेलं, थकलेलं, पण धडधाकट.

तीन वर्षांचं मूल पाच मैल. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वाचला होता.

आता आपल्याकडे येतो. एके काळी शुगर लँडलाच ‘लांब’ म्हणणारी आपली मंडळी आता फुलशर, नीडव्हिल, ब्रुकशरकडे एकर-दोन एकर घेऊ लागली आहेत. कुणी बोअरवेल मारली, कुणी आंबा जगवून बघतंय, कुणी शेड बांधून जुना फ्रीज तिथे टाकलाय. म्हणजे कुंपणाच्या आतल्या बाजूला आपणही आलो. आसपास मूल हरवल्याचं कळलं तर शेरिफ दार ठोठावण्याची वाट बघू नका. शेड, ट्रेलरखालची जागा, फ्रीज, डिकी, ढोली, तळ्याचा काठ, सगळं स्वतः बघा. पाणी सगळ्यांत आधी, मूल ऑटिस्टिक असेल तर नक्कीच. अशा मुलांना पाण्याची ओढ असते. संध्याकाळी बघितलंत तरी सकाळी पुन्हा बघा. फाटक उघडं ठेवा आणि शोधपथकाला तुमचा फोन नंबर द्या.

आणखी एक, जे मला कुठल्या पुस्तिकेत दिसलं नाही. आपल्या पोरांची नावं. शाळेच्या दाखल्यावर असतो ‘अथर्व’, घरी असतो ‘बाळू’. अंधारात, रानात, टॉर्च घेतलेला अनोळखी दाढीवाला माणूस ‘अ‍ॅथर्वा’ म्हणून ओरडत आला तर आपलं पाच वर्षांचं पोर ओ देईल, की झुडपात आणखी आत सरकेल? हरवलेली लहान मुलं हाकेला उत्तर देत नाहीत, लपतात, हे शोधपथकांना पक्कं ठाऊक आहे. २००५ मध्ये युटाच्या डोंगरात हरवलेला अकरा वर्षांचा मुलगा शोधायला आलेल्यांपासून मुद्दाम दूर राहिला, कारण अनोळखी माणसांशी बोलायचं नाही हे त्याला शिकवलं होतं. चार दिवसांनी तो सुखरूप मिळाला. तेव्हा पथकाला घरातलं नाव सांगा, ते कसं उच्चारायचं तेही सांगा, जमलं तर आजीच्या आवाजातली हाक फोनवर रेकॉर्ड करून द्या. जत्रेत मूल चुकलं तर आपल्याकडे माइकवर आईलाच बोलायला उभं करतात, ते काही उगाच नाही.

मुलांना शिकवायची गोष्टही सोपी आहे. १९८१ मध्ये सॅन डिएगोजवळच्या पालोमार डोंगरात नऊ वर्षांचा मुलगा हरवून दगावला, त्यानंतर तिथल्या शोधकांनी शाळांतून ‘झाडाला मिठी मार’ हा धडा सुरू केला. वाट चुकली की फिरायचं नाही. एक झाड धरायचं, त्याच्यापाशीच थांबायचं. हाक आली की ओ द्यायची, माणूस अनोळखी असला तरी.

आमच्या धाकट्याला हे सांगितलं तेव्हा त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, “झाडाला जांभळा पट्टा असला तरी चालेल?”

चालेल म्हटलं.